जुन्या जपानी तलवारी आणि बंदुका: ओळख व ऑनलाइन विक्रीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एक जुनी जपानी तलवार सापडली आहे. सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी ती साफ करण्याचा मोह आवरावा. गेल्या काही वर्षांत मी शेकडो कुटुंबांना फोटोंवरून तलवारी ओळखायला मदत केली आहे, आणि मौल्यवान पात्यांचे सर्वाधिक नुकसान चोरांनी किंवा काळाने नव्हे, तर विक्रीपूर्वी केलेल्या साफसफाईने झालेले मी पाहिले आहे. एका गृहस्थांनी पात्याचा मुठीत जाणारा भाग पॉलिश पेपरने घासून आरशासारखा लख्ख केला आणि मग मोठ्या अभिमानाने मला फोटो पाठवले. त्यावरची अक्षरे अर्धी पुसली गेली होती आणि तीन-चारशे वर्षांचा गंज नाहीसा झाला होता. तो गंज हाच त्या तलवारीचा जन्मदाखला होता.

म्हणून तलवार कोरड्या जागी ठेवावी, उघड्या पात्याला बोट लावू नये आणि म्यानातून काढताना धार वरच्या बाजूला ठेवून ती पाठीवर सरकवत काढावी. बोटांच्या घामाचे ठसे काही दिवसांतच लोखंडात उतरतात.

मूठ काढावी लागते का? काढताना ती तुटणार तर नाही?

ओळख पटवायची असेल तर मूठ काढावीच लागते. आपल्याकडच्या जुन्या तलवारीत पात्याचे टोक मुठीत लाख भरून पक्के बसवलेले असते, त्यामुळे मूठ काढणे म्हणजे तलवार मोडणे असे आपल्याला वाटते. जपानी तलवारीची रचना मात्र मूठ वारंवार काढता यावी अशीच असते. मूठ आणि पाते यांना जोडणारी बांबूची एक छोटी खुंटी असते, तिला मेकुगी म्हणतात. ती एका बाजूला किंचित निमुळती असते. निमुळत्या बाजूने लाकडी किंवा पितळी दांडीने हलके ठोकले की ती दुसऱ्या बाजूने बाहेर येते. सैनिकी तलवारींत दोन खुंट्या किंवा एखादा स्क्रूही असतो.

खुंटी निघाल्यावर डाव्या हाताने मुठीचे टोक धरून तलवार उभी, किंचित तिरकी धरावी आणि उजव्या हाताची मूठ वळून तिने डाव्या मनगटावर हलके ठोके द्यावेत. दोन-चार ठोक्यांत पाते सैल होऊन वर सरकते. ते सरकत नसेल तर जोर करू नये आणि पकडीने ओढू तर नयेच. शंभर वर्षांपूर्वीचे लाकूड फुगलेले असते आणि अशा वेळी जाणकाराकडे जाणेच योग्य असते.

मुठीतल्या भागावर नेमके काय पाहायचे?

या भागाला नाकागो म्हणतात आणि तलवारीबद्दल जे काही खात्रीने सांगता येते त्यातले बरेचसे इथेच लिहिलेले असते. चार गोष्टी सावकाश पाहाव्यात.

पहिली गोष्ट गंजाचा रंग. शतकानुशतके न घासलेल्या नाकागोचा गंज काळपट तपकिरी, घट्ट बसलेला आणि जुन्या बिडाच्या तव्यासारखा सलग असतो. पांढऱ्या सुती कापडावर तो लालसर भुकटी सोडत नाही. बोट लावताच नारिंगी रंग लागत असेल तर ते पाते एक तर अलीकडचे असते किंवा ओलाव्यात राहिलेले असते, आणि क्वचित मीठ किंवा आम्ल लावून मुद्दाम गंजवलेलेही असते.

दुसरी गोष्ट कानशीच्या रेघा. प्रत्येक परंपरेत या रेघा ठरावीक दिशेने आणि ठरावीक कोनात ओढलेल्या असतात. ग्राइंडरच्या चाकाचे गोलाकार ओरखडे दिसले तर ते पाते जुने नाही, किंवा नंतर कोणी तरी घासले आहे.

तिसरी गोष्ट खुंटीची छिद्रे. एकापेक्षा अधिक छिद्रे असणे हा दोष नव्हे. लांब पाती पुढच्या काळात मुठीच्या बाजूने कापून आखूड केली जात आणि त्या वेळी नवे छिद्र पाडावे लागे. फार मोठी काटछाट झाली असेल तर मूळ सहीच निघून जाते. म्हणून सही नसलेले पाते टाकाऊ समजू नये. अनेक श्रेष्ठ जुनी पाती बिनसहीचीच आहेत.

चौथी गोष्ट कोरलेली सही, म्हणजे मेई. ती वरून खाली वाचतात आणि बहुधा प्रांत, गाव, कारागिराचे नाव असा तिचा क्रम असतो. दुसऱ्या बाजूला कधी तारीखही असते. तीत राजवटीचे नाव, वर्ष आणि महिना दिलेला असतो. महिना बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवा असतो, कारण तारीख अशीच घालण्याचा कारागिरांमध्ये रूढ प्रघात होता. अक्षरांच्या खाचांतला गंज आजूबाजूच्या गंजासारखाच असावा लागतो. खाचेच्या तळाशी लोखंड चकाकत असेल तर ती सही नंतर कोरलेली आहे असे समजावे.

विसाव्या शतकातल्या तारखा वाचणे सोपे आहे. शोवा राजवटीच्या वर्षात 1925 मिळवले की इसवी सन मिळते. शोवा 18 म्हणजे 1943. मेजी राजवटीच्या वर्षासाठी 1867 मिळवावे.

सहीत प्रसिद्ध कारागिराचे नाव निघाले. म्हणजे तलवार अमूल्य आहे ना?

बहुधा नाही, आणि हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटते, कारण समोरच्या माणसाने तोवर पुष्कळ स्वप्ने पाहिलेली असतात. जपानमध्ये नामवंतांच्या खोट्या सह्या कोरण्याचा उद्योग शेकडो वर्षे जुना आहे आणि अशा सहीला गिमेई असा स्वतंत्र शब्दच आहे. मासामुने या सर्वांत ख्यातनाम कारागिराची सही असलेली निर्विवाद पाती तर बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. सतराव्या शतकातल्या कोतेत्सूच्या नावावर तर इतकी बनावट पाती आहेत की त्याचे नाव दिसताच जाणकार आधी संशयच घेतो.

सही खरी असली तरी एकच नाव अनेकांचे असू शकते. बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावी सुकेसादा हे नाव अनेक कारागिरांनी वापरले, आणि सोळाव्या शतकातल्या युद्धांच्या धामधुमीत त्या नावाने पाती घाऊक प्रमाणात तयार झाली. त्याच सुकेसादांपैकी कोणी एखाद्या सरदारासाठी खास घडवलेल्या पात्यावर मात्र कारागिराचे स्वतःचे उपनावही कोरलेले असते, आणि दोहोंच्या दर्जात व किमतीत फार मोठे अंतर असते. ओळख म्हणजे केवळ नाव वाचणे नव्हे. पोलादाचा पोत, आकार, धारेवरची रेघ आणि सही यांनी एकमेकांना दुजोरा द्यावा लागतो.

होंजो मासामुने कुठे तरी सापडेल असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

ही तलवार तोकुगावा घराण्याकडे होती आणि डिसेंबर 1945 मध्ये त्या घराण्याने ती इतर तलवारींसह तोक्योतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केली. त्यानंतर ती कुठे गेली याचा पत्ता लागलेला नाही. आपल्या घरातली तलवार तीच असण्याची शक्यता शून्याजवळ आहे. तरीही युद्धानंतर हरवलेल्या वस्तू परत मिळाल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकी संग्राहक वॉल्टर कॉम्प्टन यांनी त्यांच्या हाती आलेले कुनिमुने या जुन्या कारागिराचे पाते 1963 मध्ये कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाला परत केले. जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलेले हे पाते युद्धानंतर देशाबाहेर गेले होते.

आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते आणि ही तलवार त्यांनी आणली. ती सामुराईची आहे की सैनिकाची?

मराठी घरांमधून येणारा हा खरा प्रश्न आहे. इंफाळ-कोहिमा परिसरात आणि पुढे ब्रह्मदेशात अनेक मराठी सैनिक लढले. मार्च 1944 मध्ये सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. 1945 च्या शरणागतीनंतर जपानी अधिकाऱ्यांनी खाली ठेवलेल्या तलवारी आठवण म्हणून अनेकांकडे आल्या.

अशा तलवारींचे मुख्यतः तीन प्रकार असतात. पहिला प्रकार हवालदार-नाईक दर्जाच्या सैनिकांसाठी यंत्रावर बनवलेला 95 क्रमांकाचा नमुना. त्याची मूठ धातूची असून गुंडाळलेल्या फितीचा आकार तिच्यावर ओतकामात उठवलेला असतो, आणि पात्यावर मुठीजवळ एक क्रमांक असतो. तोच क्रमांक म्यानावर असला तर उत्तम. दुसऱ्या प्रकारात अधिकाऱ्यांची सैनिकी मूठ-म्यान असते, पण पाते त्याच काळात पारंपरिक पद्धत सोडून बनवलेले असते. त्याला शोवातो म्हणतात आणि नाकागोवर सहसा एक छोटा शिक्का उमटवलेला असतो. तिसरा प्रकार क्वचित आढळतो. त्यात मूठ आणि म्यान 1940 च्या सुमाराचे असतात, पण आत घराण्यातले दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे पाते असते, कारण अधिकाऱ्याने घरची तलवार सैनिकी साजात बसवून घेतलेली असते. बाहेरून दुसरा आणि तिसरा प्रकार सारखेच दिसतात. म्हणूनच मूठ काढल्याशिवाय कोणी किंमत सांगत असेल तर ती मानू नये.

काताना, वाकिझाशी, तांतो यांत फरक कसा करायचा?

पात्याच्या लांबीवरून. मुठीजवळच्या पाठीवरच्या खाचेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजावे. 60.6 सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर काताना, 30.3 ते 60.6 असेल तर वाकिझाशी आणि त्याहून कमी असेल तर तांतो. ताचीही लांबच असते, पण ती धार खाली ठेवून लटकवली जाई.

पाते जुने आणि अस्सल आहे, पण त्यात दोष आहेत का हे कसे पाहावे?

खोलीत अंधार करून एकाच बल्बच्या उजेडात पाते डोळ्यांसमोर आडवे धरावे आणि हळूहळू तिरके करत न्यावे. धारेलगत एक धुरकट पांढरी, लाटांसारखी रेघ दिसते, तिला हामोन म्हणतात. पाते तापवून पाण्यात विझवण्याआधी त्यावर मातीचा लेप कमी-जास्त जाडीने देतात. धारेजवळ लेप पातळ असल्याने तिथले पोलाद झटकन थंड होऊन अतिशय कडक बनते, आणि कडक व मऊ पोलादाच्या सीमेवर ही रेघ उमटते. खरी रेघ उजेडाच्या कोनाबरोबर खोलात जाते आणि तिच्यात बारीक चमकते कण दिसतात. आम्लाने काढलेली नक्कल कोणत्याही कोनातून पृष्ठभागावर रंगवल्यासारखी सपाटच दिसते.

सर्वांत गंभीर दोष म्हणजे हागिरे, धारेपासून पाठीकडे आडवी जाणारी केसाएवढी भेग. ती दिसली तर संग्राहकांच्या दृष्टीने पात्याची बहुतेक किंमत संपते. तो दोष लपवून विकणे ही फसवणूक आहे. धारेवरचे छोटे खळगे, किरकोळ गंजाचे ठिपके किंवा फाटलेली मुठीची फीत हे मात्र दुरुस्त होण्यासारखे दोष आहेत.

विकण्याआधी पाते पॉलिश करून घ्यावे का?

नाही. जपानी पाते घासण्याचे काम तोगिशी नावाचे कारागीर करतात. वर्षानुवर्षे शिकून, एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर ते हाताने करतात. प्रत्येक वेळी थोडे पोलाद जातेच आणि पात्याला असे घासणे फार वेळा सोसत नाही. गल्लीतल्या धार लावणाऱ्याने चाकावर एकदा घासले की कडा, टोकाची रचना आणि रेघ सगळे जाते. घासायचे की नाही हा निर्णय विकत घेणाऱ्यावर सोडावा.

जपानी प्रमाणपत्रांना काय महत्त्व आहे?

जपानमध्ये 1948 साली स्थापन झालेली कलात्मक जपानी तलवारींच्या जतनासाठीची संस्था पात्यांची तपासणी करून प्रमाणपत्र देते. तिच्या चढत्या श्रेणी होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो अशा आहेत. ऑनलाइन विक्रीत या कागदांमुळे खरेदीदाराचा विश्वास बसतो, पण कागदातले माप आणि छिद्रांची संख्या पात्याशी ताडून पाहावी, कारण कागद एकाचा आणि पाते दुसऱ्याचे असे प्रकार घडतात. याच संस्थेच्या जुन्या काळातल्या काही प्रमाणपत्रांवर बाजार आज पूर्ण विश्वास ठेवत नाही.

जपानमधील नोंदणीपत्र, म्हणजे तोरोकुशो, ही वेगळी गोष्ट आहे. ते प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून मिळते आणि तलवार जपानमध्ये कायदेशीर ठेवता येते एवढेच ते सांगते. तिच्या दर्जाबद्दल ते काही सांगत नाही. मालकी बदलल्यावर 20 दिवसांत मंडळाला कळवावे लागते. यंत्रनिर्मित सैनिकी पात्यांची तिथे नोंदणी होत नाही, म्हणून अशी तलवार चांगल्या हेतूनेही जपानला पाठवू नये. ती सीमेवरच जप्त होण्याची भीती असते.

जुनी जपानी बंदूक कशी ओळखावी?

जपानमध्ये बंदूक 1543 साली तानेगाशिमा बेटावर आलेल्या पोर्तुगीजांकडून पोहोचली असे परंपरा सांगते, आणि बंदुकीला त्या बेटाचेच नाव पडले. पोर्तुगीजांनी गोवा 1510 मध्ये घेतला होता, आणि जपानी बंदुकीच्या यंत्रणेचे मूळ गोव्यातल्या व आग्नेय आशियातल्या पोर्तुगीज छापाच्या बंदुकांत शोधणारे अनेक अभ्यासक आहेत. गोमंतकीय वाचकाला हा धागा जवळचा वाटावा. पुढे साकाई आणि कुनितोमो ही बंदुका घडवणारी मोठी केंद्रे बनली आणि 1575 च्या नागाशिनोच्या लढाईत या बंदुकांनी आपला प्रभाव दाखवला.

आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीच्या, बंदुकीत चाप दाबत जावा तसा पेटता तोडा हळूहळू खाली येतो. जपानी बंदुकीत स्प्रिंग असते, म्हणून चाप दाबताच तोडा धरणारा घोडा झटक्यात रंजकेवर, म्हणजे नळीतली दारू पेटवणाऱ्या बारीक दारूवर, पडतो. ही पितळी स्प्रिंग पुष्कळ बंदुकांत यंत्रणेच्या पट्टीबाहेर, डोळ्यांना दिसेल अशी असते. दुसरी खूण दस्त्याची आहे: तो आखूड व वाकडा असतो, खांद्याला न टेकवता गालाशी धरायचा असतो. नळी बहुधा अष्टकोनी असते, लाकडात आडव्या खिळ्यांनी बसवलेली असते, आणि ती उचलल्यावर खालच्या बाजूला कारागिराचे नाव व गाव सापडते. नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये न सांगता गोळीच्या वजनावर, मोन्मे या मापात सांगतात. 1 मोन्मे म्हणजे 3.75 ग्रॅम. सोन्या-चांदीची घराण्याची चिन्हे दिसली म्हणून लगेच हुरळून जाऊ नये, कारण परदेशी ग्राहकांसाठी नंतर बसवलेली सजावटही आढळते.

आरिसाका रायफल मात्र या वर्गात येत नाही. तिच्या नळीच्या मुळाशी 16 पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह असते किंवा ते खरवडून काढलेले असते. 38 क्रमांकाचा नमुना 1905 चा आणि 99 क्रमांकाचा 1939 चा आहे. या आधुनिक काडतुसी बंदुका आहेत आणि त्यांना परवान्याचे नियम पूर्णपणे लागू होतात.

अशी बंदूक हाताळणे धोक्याचे आहे का?

हो, कारण ठासणीच्या जुन्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या भरलेल्याच राहिल्याची उदाहरणे आहेत. तोंड आपल्यापासून आणि इतरांपासून दूर ठेवून नळीत एक लाकडी काठी अलगद तळापर्यंत घालावी, नळीच्या तोंडाशी खूण करावी आणि मग तीच काठी बाहेरून नळीवर ठेवून पाहावी. काठीचे टोक रंजकेच्या छिद्रापर्यंत पोहोचत नसेल तर आत काही आहे असे समजावे, हात लावणे थांबवावे आणि पोलिसांना कळवावे. धातूचा गज कधीही वापरू नये.

ऑनलाइन विक्री कायदेशीर आहे का?

याचे उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेत 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्यानुसार पुरातन मानली जाते, पण राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. ब्रिटनमध्ये 50 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर 2008 पासून बंदी आहे. मात्र 1954 पूर्वी बनलेल्या किंवा पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना त्यातून सूट आहे. म्हणून लंडन किंवा लेस्टरमधल्या विक्रेत्याने पाते केव्हा आणि कसे बनले याचा पुरावा जपून ठेवावा. इबेसारख्या संकेतस्थळांवर बंदुका विकता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी परवानाधारक लिलावगृहच योग्य ठरते. जपानमधून तलवार बाहेर नेण्यासाठी सांस्कृतिक कार्य संस्थेचे निर्यात प्रमाणपत्र लागते, आणि राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता म्हणून घोषित वस्तू विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाही.

आणि तलवार महाराष्ट्रात असेल तर?

तर ऑनलाइन जाहिरात टाकूच नये. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांच्या चौकटीत तलवारही येते. शस्त्र देशात आणायला किंवा देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. ऑनलाइन मागवलेल्या आणि कुरिअरने आलेल्या तलवारी पोलिसांनी आपल्या राज्यात अनेकदा जप्त केल्या आहेत. पुरातन मूल्याच्या आणि वापरण्याजोग्या न राहिलेल्या बंदुकांना कायद्यात सूट आहे, पण आपली वस्तू त्या सुटीत बसते की नाही हे मालकाने स्वतः ठरवायचे नसते. पाते 100 वर्षांहून जुने असेल तर पुरावशेष व कलानिधी अधिनियम 1972 चा प्रश्नही उभा राहतो आणि निर्यात जवळजवळ बंद होते. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, मग जिल्हाधिकारी कार्यालयाची शस्त्र परवाना शाखा किंवा शहरात पोलीस आयुक्तालय गाठावे. ओळख पटवून घेण्यासाठी तलवार घराबाहेर नेण्याची गरज नसते, फोटो पुरतात.

फोटो आणि वर्णन कसे असावे?

नाकागोच्या दोन्ही बाजूंचे, पात्याचे टोक वर ठेवून काढलेले, सही सरळ वाचता येईल असे फोटो सर्वांत महत्त्वाचे. फ्लॅश वापरू नये. खिडकीतून येणारा तिरपा उजेड उत्तम. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरू नये. संपूर्ण पाते, टोकाचा जवळून फोटो, प्रत्येक दोषाचा स्वतंत्र फोटो आणि मापपट्टी शेजारी ठेवून घेतलेला एक फोटो द्यावा.

वर्णनात जे मोजले आणि पाहिले तेच लिहावे: पात्याची लांबी, वाक, छिद्रांची संख्या, सहीतील अक्षरे, दिसणारे दोष, वस्तू घरात कशी आली. ‘अमुकच्या हातचे’ असे न लिहिता ‘अमुकची सही आहे, तिची तपासणी झालेली नाही’ असे लिहावे. असे प्रामाणिक वर्णन वाचून जाणकार खरेदीदार पुढे येतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. फोटो न पाहता लगेच पूर्ण रक्कम देऊ करणाऱ्यापासून, किंवा जास्तीची रक्कम पाठवून फरक परत मागणाऱ्यापासून दूर राहावे.

पाठवताना काय काळजी घ्यावी?

पात्यावर हलका तेलाचा हात फिरवून म्यानात घालावे, म्यान सरकून उघडणार नाही असे बांधावे आणि कडक लाकडी किंवा जाड प्लास्टिकच्या नळीत दोन्ही टोकांना भरपूर भरणा करून ठेवावे. कुरिअर कंपनी तलवार स्वीकारते का हे आधी लेखी विचारावे. विमा पूर्ण किमतीचा घ्यावा. साजावर हस्तिदंत असेल तर परदेशी पाठवणीला वेगळे निर्बंध लागू होतात.

मुठीला एक छोटी लाकडी पट्टी बांधलेली आहे, तिच्यावर जपानी अक्षरे आहेत. ती काढून टाकावी का?

कधीही नाही. शरणागतीच्या वेळी पुष्कळ अधिकाऱ्यांनी आपले नाव आणि गाव लिहून लाकडाची किंवा कापडाची अशी चिठ्ठी तलवारीला बांधली होती, कारण ती परत मिळेल अशी त्यांना आशा होती. चिठ्ठीचा फोटो काढून ती जपानी वाचणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावी. गावाचे नाव मिळाले तर तिथल्या नगरपालिकेमार्फत कुटुंबाचा शोध लागू शकतो. त्या घराला तलवार पाठवता आली नाही, कारण पाते नोंदणीत बसत नसेल, तरी चिठ्ठीचे आणि सहीचे फोटो पाठवता येतात. मी एका कुटुंबासाठी असे पत्र लिहिले होते. उत्तरात त्यांनी त्याच अधिकाऱ्याचा गणवेशातला फोटो पाठवला, आणि त्याच्या कमरेला तीच तलवार होती.